बेबीचे वरचे दात

बेबीचे वरचे सगळे दात काढायचे, असं वेटिंगरूममध्ये एकमताने ठरलं तेव्हा बेबी आत खुर्चीत आडवी होती आणि तिच्या तोंडात कापूस होता. तिचं मत घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, असं दादाने नंतर सांगितलं. ते खरंच होतं. कापूस त्यानेच कोंबला होता.

रविवार होता. रविवारी दवाखाना बाहेरच्यांना बंद आणि घरच्यांना उघडा, ही दादा-बेबीच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळेपासूनची शिस्त. अण्णांनी मागे दोनच गोष्टी ठेवल्या, हा दवाखाना आणि पंचावन्नाव्या वर्षी वरची कवळी. दवाखान्यावरून वाटणीच्या वेळी काय काय झालं ते न सांगितलेलं बरं. कवळीवरून मात्र कधी भांडण झालं नाही, कारण ती सगळ्यांना सारखी मिळाली. अण्णांचं म्हणणं असं, की पंचावन्नच्या पुढे स्वतःचे दात बाळगणं हा निव्वळ हट्ट आहे. जायचेच आहेत, तर आपल्या माणसाच्या हातून जाऊ देत. उमेदीच्या काळात त्यांनी कवळीचा एक साचा तयार केला आणि त्यावर त्यांचा इतका जीव जडला, की दुसरा करावा हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यामुळे घरातली पंचावन्नच्या पुढची सगळी माणसं एकसारखी हसत. लग्न होऊन आलेल्या बायकासुद्धा त्या वयाला पोचल्या की घराण्यावर जात. घरातला मोठा फोटो बघून लोक म्हणत, रक्ताचं नातं लपत नाही बघा.

वेटिंगरूममध्ये चौघं होती. मास्क हनुवटीवर ओढून उभा असलेला दादा, म्हणजे डॉक्टर. काउंटरमागे त्याची बायको, वहिनी. आज काउंटरवर काही काम नव्हतं, पण दवाखान्यात दुसरीकडे बसायची तिला सवय नव्हती. मागच्या खोलीत कवळ्या करणारा धाकटा भाऊ, हातात प्लॅस्टिकची डबी घेऊन. आणि दादाची मुलगी. ती यंदाच दातांची डॉक्टर झाली होती आणि आतल्या दुसऱ्या खुर्चीवर लहान मुलांचे दात बघायची, म्हणून पेशंट तिला छोटी डॉक्टर म्हणत. तिला कोणी मत विचारलं नव्हतं, त्यामुळे ते एकमतात धरलं गेलं होतं.

"आत्याचा एकच दात दुखतोय," छोटी डॉक्टर म्हणाली. "सुळ्याच्या मागचा. कीड खोल आहे, पण रूट कॅनल केलं तर आरामात राहील."

"एक दुखतोय म्हणजे बाकीचे रांगेत आहेत," दादा म्हणाला.

"असं कुठल्याही पुस्तकात नाहीये, बाबा."

"पुस्तक बाहेरच्यांसाठी. घरच्यांना कशाला पुस्तक?"

"सारखी टाळतेय ती," वहिनी म्हणाली. "सत्तावन्न झाले की तिला." वहिनीच्या 'स'ला हलकी शिटी होती. अण्णांच्या साच्यात पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट राहून गेली होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती.

"कवळी तर तयारच आहे," धाकट्याने डबी वाजवून दाखवली. आत बेबीचं यापुढचं हसू खडखडलं.

"माप कधी घेतलंस, काका?"

"माप कशाला? घरचंच तोंड आहे."

धाकट्याचा उत्साह त्या दिवशी जरा जास्तच होता आणि त्याला कारण होतं. त्याला गेल्याच महिन्यात पंचावन्नावं लागलं होतं. वाढदिवस त्याने होऊच दिला नव्हता. ताप आहे सांगून दिवसभर पांघरुणात होता. त्याचे स्वतःचे दात उत्तम होते. हयातभर दुसऱ्यांचे दात बनवताना त्याने स्वतःचे रोज दोन वेळा घासले होते, सकाळी आणि झोपताना, न चुकता. बेबीच्या खुर्चीभोवती सगळे जमलेले असेपर्यंत त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाणार नव्हतं. बेबीचं काम दिवसभर चालावं, अशी त्याची मनापासून इच्छा होती.

आत बेबीला सगळं ऐकू येत होतं. रविवारी मधलं दार लावत नसत, कारण घरच्यांपासून लपवायचं काय?

बेबी हे तिचं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त तिच्या पगाराच्या पावतीवर उरलं होतं. धाकटा जन्मला तेव्हाच हे बदलायला हवं होतं. तेव्हा कोणाला वेळ मिळाला नाही, आणि पुढे तोही बोलायला लागला आणि तिला बेबीच म्हणायला लागला. तिने लग्न केलं नाही, त्यामुळे ती मोठी झाली असं मानायला घरच्यांकडे काही सबळ कारण नव्हतं. बसस्थानकावर माइकसमोर बसून ती गाड्या पुकारायची. रोज हजारो माणसं तिने सांगितलं की उठायची आणि तिने सांगितलेल्या फलाटावर जाऊन उभी राहायची. घरी मात्र तिला पाणी हवंय का, हे दादा वहिनीला विचारायचा.

खुर्चीत आडवं पडून छताकडे बघताना ती 'स' म्हणून बघत होती. कापसामुळे येत नव्हता. मोठ्या बहिणीची कवळी बसली तेव्हा अर्धं वर्ष ती शिट्ट्या घालत बोलत होती आणि गल्लीतले कुत्रे तिच्याभोवती जमत होते. मोठीला चाललं, तिला घरातच बोलायचं होतं. बेबीच्या तोंडासमोर माइक होता.

"एकदा भूल दिली की प्रश्न मिटला," बाहेर दादाचा आवाज आला. "तिला काय समजावत बसायचं? घाबरेल उगाच."

बेबीने बोट घालून कापूस काढला. एक, दोन, मग जिभेखालचा. तो शेजारच्या वाडग्यात टाकला, चूळ भरली आणि गळ्यातलं कागदी लाळेरं तसंच ठेवून बाहेर आली.

"ही का उठली?" दादाने वहिनीला विचारलं.

"का उठलीस विचारतायत," वहिनीने बेबीला सांगितलं.

"मी इथेच आहे, दादा. मला विचार ना."

दादाने क्षणभर वहिनीकडे बघितलं. मधला माणूस काढून टाकल्यावर काय करायचं, हे त्याला पटकन सुचेना.

"बेबी, आत जाऊन पड. पाच मिनिटांचं काम आहे."

"कसलं काम?"

"दातांचं."

"किती दातांचं?"

"हे बघ, तू त्यात डोकं घालू नकोस. आम्ही आहोत ना."

"डोकं माझंच आहे, दादा. दात त्यातच आहेत."

छोट्या डॉक्टरला हसू आलं. ते लपवायला तिने मास्क वर ओढला.

"मला एक फिलिंग हवंय नाहीतर काय ते रूट कॅनल," बेबी म्हणाली. "बाकीचे दात मला लागतात. मी बोलायचा पगार घेते. कवळी बसवून मी सोमवारी सातची गाडी कशी पुकारू?"

"सवय होते गं," वहिनी म्हणाली. 'सवय'ला शिटी वाजली.

धाकट्याला वाटलं, आता आपण मदत केली पाहिजे. "सुरुवातीला 'स' नसलेली गावं पुकार. बाकीची दुसऱ्या कुणाला दे."

"'बस'मध्येच 'स' आहे."

"मग 'गाडी' म्हण."

"'प्रवासी'मध्येही आहे."

धाकट्याने खरोखर विचार केला. "'मंडळी' म्हण," तो म्हणाला. "मंडळी, गाडी लागली. घरगुती वाटतं."

"पुरे," दादा म्हणाला. त्याचा चेहरा दुखावलेला दिसत होता आणि तो खरोखरच दुखावला होता, हे इथे सांगायला हवं. दादा वाईट माणूस नव्हता. आठवडाभर मान वाकडी करून लोकांच्या तोंडात बघायचं आणि रविवारी घरच्यांच्या, तेही फुकट. त्याबदल्यात त्याला एकच हवं होतं, की कोणी काही विचारू नये. "बाहेर विचार जाऊन, लोक महिनाभर थांबतात माझ्यासाठी. तुला आपलं घर आहे म्हणून किंमत नाही. घरच्यांसाठी मी जेवढं करतो तेवढं बाहेरच्यांसाठी करत नाही."

"तेच म्हणतेय मी," बेबी म्हणाली. "गुरुवारी मी आले होते, आठवतं? ड्यूटी संपवून आले. दाढदुखीने डोकं फुटत होतं. बाकावर बसले लोकांच्यात. वहिनींनी मला उठवलं. म्हणाल्या, तू घरची, तू रविवारी ये, इथे पेशंट बसतात."

"बाक भरला होता," वहिनी म्हणाली.

"मी दाराशी उभी राहिले, फटीतून दिसत होतं. आत एक मुलगी होती, विशीतली. दादा, तू तिच्या हातात आरसा दिलास. कुठला दात, काय झालंय, दाखवलंस. म्हणालास, दोन मार्ग आहेत, घाई नाही, घरी जाऊन विचार करा. आता थोडं टोचेल, म्हणालास. आणि मग टोचलंस. मला वाटलं, दुसराच कोणी डॉक्टर आलाय."

"पेशंट होती ती!"

"तू तिला ताई म्हणालास."

"मग काय म्हणायचं?"

"मला कधी म्हणाला नाहीस."

"तू माझ्यापेक्षा धाकटी आहेस, बेबी!"

"ती काय थोरली होती?"

दादाने हनुवटीवरचा मास्क काढून खिशात कोंबला.

"एवढंच म्हणणं आहे माझं," बेबी म्हणाली. तिचा आवाज माइकवरचा झाला होता, सपाट आणि शेवटच्या फलाटापर्यंत पोचणारा. "मला बाहेरची समज."

आता, या घरात याहून वाईट बोललं गेलेलं आहे. वाटणीच्या वेळी लोक एकमेकांना काय काय म्हणाले होते. पण बाहेरचं व्हायची मागणी आजवर कोणी केली नव्हती. धाकट्याची डबी हातातच थांबली. दादा खाली बसला, पेशंटच्या बाकावर. त्या बाकावर तो आयुष्यात कधी बसला नव्हता आणि तो इतका टणक असेल अशी त्याला कल्पना नव्हती.

"ऐकलंस?" तो वहिनीला म्हणाला. "एका दातासाठी ही नातं तोडायला निघालीय."

"नातं कशाला तोडू? नातं राहू दे. तुझ्या खुर्चीत बसते तेवढा वेळ बाजूला ठेव. मी पैसे देईन. नंबर घेईन. मला अहो म्हण, आरसा दे आणि काय करणार ते मला सांग. ह्यांना नाही."

"पैसे देणार? मला? सख्ख्या भावाला?"

"घे, नाही तर नको घेऊस. पण विचार."

छोटी डॉक्टर म्हणाली, "बाबा, आत्या काही वेगळं मागत नाहीये. कॉलेजमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी हेच—"

"तू गप्प बस. तू घरची आहेस."

वहिनी इतका वेळ काउंटरवरचं पेन उभं-आडवं करत होती. तिला गुरुवारचं आठवत होतं. बेबीला उठवताना आपण हसलो होतो, आणि तेच हसू बाकावरच्या बाईकडे बघूनही हसलो होतो, कारण आपल्याकडे आता एकच आहे. मग तिला आणखी मागचं आठवायला लागलं. ते तिने बरीच वर्षं आठवलं नव्हतं.

"माझा एकही दुखत नव्हता," ती म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"दात. माझे. एकही दुखत नव्हता. तुम्ही म्हणालात पंचावन्न लागलं, ये. आणि मी आले. मला वाटलं साफ करणार आहात."

दादा बायकोकडे अशा नजरेने बघत होता, जशी तो फक्त एक्स-रेकडे टाकायचा.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तोंडात कापूस होता."

"आणि नंतर? सगळं झाल्यावर?"

"सगळं झाल्यावर दात नव्हते," वहिनी म्हणाली. "मग कशाबद्दल बोलायचं?"

तिने हे रागाने म्हटलं नाही. फोनवर कोणाला वेळ सांगावी, तसं म्हटलं. मग तिने खण उघडला, लाकडी बिल्ल्यांच्या ढिगातून एक नंबरचा बिल्ला शोधला आणि काउंटरवरून पुढे सरकवला.

"बसा," ती बेबीला म्हणाली. "बोलावते तुम्हाला."

बेबीने बिल्ला घेतला आणि ती बाकावर बसली, दादाच्या शेजारी. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. बेबी समोर बघत होती, वेटिंगरूममध्ये बघतात तसं, म्हणजे कशाकडेही नाही.

"हा पोरखेळ मी खपवून घेणार नाही," दादा म्हणाला. "मी बोलावणार नाही कोणाला."

"मी बोलावते," छोटी डॉक्टर म्हणाली. "माझी खुर्ची मोकळी आहे."

"त्या खुर्चीवर ससा चिकटवलाय!"

"सशाने काही बिघडत नाही, बाबा."

"ती माझी पेशंट आहे."

"पेशंट कुठे?" वहिनी म्हणाली. "मघाशी घरची होती ना?"

दादाने शेवटचा आधार म्हणून धाकट्याकडे बघितलं. "तू तरी बोल काहीतरी. अण्णांनी घालून दिलेली पद्धत आहे."

धाकटा काही बोलायच्या आधी त्याच्या मनात बरंच काही होऊन गेलं. पद्धत मोडली, तर हा साचा संपला. साचा संपला, तर आपल्याला दुसरा करावा लागणार, आणि दुसरा कसा करतात हे आपल्याला माहीत नाही. पण पद्धत राहिली, तर बेबीनंतर दादा मान वर करून बघणार, आता पंचावन्नचं कोण आहे. त्याने जिभेने आपले वरचे दात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले. सगळे होते.

"माणसाला विचारलं पाहिजे," धाकटा म्हणाला. "मी पहिल्यापासून म्हणतोय."

"कधी म्हणालास?"

"मनात."

त्याने डबी दोन्ही हातांत धरली आणि मागच्या खोलीकडे नेली. जाताना तो बेबीसमोर थांबला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याच्या मनात होतं. "रंग छान जमला होता," तो म्हणाला. "पण ठीक आहे."

"एक नंबर," वहिनीने हाक मारली. खोलीत एकच नंबर होता, तरी तिने तो नेहमीच्या आवाजात पुकारला. बेबी उठली.

छोटी डॉक्टर दारात उभी होती. तिने मास्क खाली ओढला. "या. बसा. मला सांगा, काय त्रास होतोय?"

बेबी उभीच राहिली. रोज सकाळी सातपासून बोलणारी बाई, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. ते आजवर दुसऱ्यांकडेच असायचं. "थंड पाणी प्यायलं की…" तिने सुरुवात केली आणि मग थांबली नाही. आत जाताना, खुर्चीत बसताना, आरसा हातात घेतल्यावरही ती सांगत होती. छोटी डॉक्टर मध्ये मध्ये "कधीपासून?" एवढंच विचारत होती. मग दार लागलं. रविवारचं दार पहिल्यांदाच लागत होतं आणि त्याच्या बिजागऱ्यांनी तसं कळवलं.

बाहेर दादा आणि वहिनी. वहिनी काउंटरमागे, दादा बाकावर.

"दार कशाला लावायचं?" दादा म्हणाला.

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं," वहिनी म्हणाली. "तुम्हीच सांगता लोकांना."

आत बराच वेळ नुसतं बोलणंच चाललं होतं. दादा कान देऊन ऐकत होता. इतक्या वेळात त्याने चार दात काढले असते. मग कुजबुज थांबली. भूल दिली असावी. थोड्या वेळाने मशिनचा बारीक, चढा आवाज सुरू झाला आणि दादाचे खांदे खाली आले. हा आवाज त्याला कळत होता. असा आवाज सुरू होतो, काम संपेपर्यंत चालतो आणि मग बंद होतो.

आवाज बंद झाला.

दादा ताठ बसला. पुन्हा सुरू झाला. जरा वेळाने पुन्हा बंद.

"मशिन बिघडलं," तो उठत म्हणाला. "मोटर गेली. पोरीला कळणार नाही." वहिनी काही म्हणायच्या आत त्याने दार ढकललं.

मशिन व्यवस्थित होतं. छोटी डॉक्टर ते हातात उंच धरून शांत बसली होती. सशाच्या कानाखाली बेबी आडवी होती आणि तिचा डावा हात हवेत होता.

"काय झालं? मोटर?"

"मोटर ठीक आहे. मी त्यांना सांगितलं होतं, थांबावंसं वाटलं तर हात वर करा. त्यांनी हात वर केला."

"दुखलं का?"

"नाही."

"मग?"

"त्यांना विचारायचं होतं, अजून किती वेळ लागेल."

"मग?"

"मग मी सांगितलं."

दादा दारात उभा होता. बेबी आडव्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. तोंडात बरंच काही असल्यामुळे ती धड बोलू शकत नव्हती, पण या खेपेला तिला त्याची गरजही दिसत नव्हती. तिने हात खाली घेतला. छोटी डॉक्टर वाट बघत होती, मशिनची नव्हे, दार लागायची.

दादाने दार लावलं. हळूच लावलं, आत पेशंट असताना लावतात तसं.

"काय बिघडलं होतं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

तो बाकावर बसला. मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "तू तेव्हा काही विचारणार होतीस का? त्या दिवशी?"

वहिनीने आधी बिल्ल्यांचा खण लावला. इतक्या वर्षांनी प्रश्न आल्यावर उत्तर घाईत द्यायचं कारण नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "थांबाल का, एवढंच."

आत आवाज सुरू झाला, जरा चालला आणि मध्येच थांबला. या वेळी कोणी उठलं नाही.